तीन ते पाच

कराडच्या आमच्या सप्तर्षी सोसायटीत कोणाकडे वायफाय बसवायचं असलं की मला बोलावतात. मी मुकुंद सोनटक्के, आयटीआयमध्ये एकतीस वर्षं रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा वर्ग घेऊन निवृत्त झालेला मास्तर. कंपनीचा माणूस येतो, राउटर भिंतीला ठोकतो आणि पाच मिनिटांत पसार होतो. पुढचं निस्तरायला मी. राउटरच्या पाठीवर छापलेला पासवर्ड लोक वर्षानुवर्षं तसाच ठेवतात. बदललाच, तर कॅलेंडरच्या मागच्या पानावर गॅसवाल्याच्या नंबराखाली लिहून ठेवतात. शेजारीण कढीपत्ता मागायला आली, तर कढीपत्त्याबरोबर पासवर्डही देतात. ह्याला शेजारधर्म म्हणे! मी चिडतो, लोक हसतात आणि चहा पुढे करतात.

माझे नियम ठरलेले आहेत. छापील पासवर्ड पहिल्या दिवशी बदलायचा. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क ठेवायचं. लॅपटॉपमधल्या फायली इतरांना दिसू द्यायच्या नाहीत. एसटी स्टँडवरच्या फुकट नेटवर्कला, नाव कितीही ओळखीचं वाटलं तरी, हात लावायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घराबाहेरून राउटरची सेटिंग बदलायची सोय बंद करून टाकायची. राउटरला जे सांगायचं, ते त्याच घरात बसून सांगावं. ह्या शेवटच्या नियमाचा मला फार अभिमान होता.

प्रमिला डुबल आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहायच्या. वय एकाहत्तर. विसाव्या वर्षी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, एकुलता एक मुलगा निरंजन रॉटरडॅमला. त्यानं लॅपटॉप आणि 'सोबती' नावाचा नवा राउटर पाठवला, तेव्हा मला बोलावणं आलं.

"सर, माझं डोकं जरा जुनं हाय," त्या म्हणाल्या. "हळू शिकवा. आणि अक्षरं मोठी करून द्या बाई, मला ही मुंग्यांची रांग दिसतीय."

मी पडद्यावरची अक्षरं दीडपट केली. लॅपटॉपला नेटवर्कची नावं कशी दिसतात, त्यातलं आपलं कसं निवडायचं, कुलपाचं चिन्ह नसेल तर का जोडायचं नाही, हे सगळं दाखवलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तसा मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. माझी ती पद्धतच आहे. दुसऱ्याचा पासवर्ड मला माहीत असता कामा नये.

डुबलबाई हसल्या. "आमच्यातलेच की तुम्ही! बोर्डावर ट्रंक कॉल जोडून दिला की आम्ही ऐकायची कळ बंद करायचो. दोन्ही बाजूंनी हॅलो झालं, की आपला कान काढून घ्यायचा. साहेबांनी तसं शिकवलंच होतं, पण कोण बघतंय हो? मी मात्र काढायचे. गावात कुणाचं लग्न मोडलं, कोण आजारी पडलं, सगळं माझ्या हातातनं गेलं. पण मला काही ठाऊक नसायचं."

मला त्या त्याच दिवशी आवडल्या. उगाच आडपडदा कशाला ठेवू?

'सोबती'बद्दल थोडं सांगायला हवं. वायफायच्या लहरी खोलीभर भरलेल्या असतात. त्या भिंतीवर आपटतात, कपाटावर आपटतात, आणि आपल्या अंगावरही. माणसाचं शरीर बरंचसं पाण्याचं, त्यामुळे त्या लहरींना त्याचा चांगलाच अडथळा होतो. आपण श्वास घेतो तेव्हा छाती जेमतेम अर्धा सेंटिमीटर पुढे येते. तेवढ्यानंही राउटरपासून लॅपटॉपपर्यंत जाणाऱ्या लहरी किंचित बदलतात. पूर्वीचे राउटर हा बदल गोंगाट म्हणून फेकून द्यायचे. नव्या पिढीचे राउटर तोच जपून ठेवतात आणि त्यातून श्वास वेगळा काढतात. कॅमेरा नको, अंगावर पट्टा नको. घरात कोण आहे, चालतंय की बसलंय, पडलं तर नाही ना, श्वास मिनिटाला किती, हे सगळं त्यांना कळतं. चार-सहा दिवसांत यंत्र माणूस ओळखायलाही लागतं, कारण प्रत्येकाची श्वास घ्यायची ढब वेगळी. घरात एकटं म्हातारं माणूस असलं की परदेशातल्या मुलांच्या फोनवर हे सगळं दिसतं. श्वास थांबला, तर यंत्र आपण होऊन ॲम्ब्युलन्स बोलावतं. चांगलीच सोय आहे, कशाला नावं ठेवू?

आठवड्यातून एकदा ठरलेली शिकवणी पंधरा दिवसांत रोजची झाली. तीन वाजता मी खाली उतरायचो. त्या वेळेला आमच्या सोसायटीत चिटपाखरू नसतं. जेवणं आटपून सगळे आडवे झालेले असतात आणि वामकुक्षीच्या वेळी कुणाच्या दाराची बेल वाजवणं हा आमच्याकडे गुन्हाच आहे. डुबलबाई लॅपटॉपवर एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणी शोधत बसायच्या. एकोणीस जणींपैकी अकरा सापडल्या होत्या. बारावी वाईची निघणार की फलटणची, ह्यावर आमचा वाद चालायचा. मी वर्तमानपत्र वाचायचो आणि कधी कधी खुर्चीतच पेंगायचो. त्या मला उठवायच्या नाहीत. तेवढंच, आणखी काही नाही. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी तेवढं फार असतं.

श्रावणात एकदा निरंजनचा फोन आला, मला. पोरगा सभ्य. आधी माझी तब्येत विचारली.

"सर, एक विचारू? रोज दुपारी आईच्या खोलीत दोन श्वास दिसतात. ॲप म्हणतं, तोच पाहुणा, त्रेचाळीस दिवस."

"मीच तो," मी म्हणालो. "लॅपटॉप शिकवतो."

"हो, मला वाटलंच. नाही म्हणजे, बाबांना जाऊन तीनच वर्षं झालीत. आणि सर, तुम्ही आलात की आईचा श्वास संथ होतो. अहवालात येतं तसं. मला ते वाचायला कसंतरीच वाटतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं शिवी दिली असती तर बरं, निदान उलट बोलता आलं असतं. मी खाली गेलो आणि डुबलबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग लाल झाला.

"माझा श्वास संथ होतो, हे मला ठाऊक नव्हतं. ते त्याला ठाऊक! नोकरीभर मी गावाचं ऐकलं नाही, आणि माझ्या पोटचा पोरगा माझ्या छातीला कान लावून बसलाय. बंद करा ते."

"बंद कसं करणार? तुम्हाला काही झालं तर?"

"मग दोन तास तरी करा."

तशी सोय होती. कायद्यानं अशा प्रत्येक यंत्रात दिवसाचे दोन तास 'खासगी वेळ' ठेवावी लागते. तेवढ्या वेळात यंत्र नुसतं वायफाय देतं, श्वास बघत नाही. मुलाच्या फोनवर त्या जागी करडी पट्टी दिसते. ही वेळ फक्त घरातूनच ठरवता येते, आणि बाहेरच्या सगळ्या वाटा तर मी आधीच बंद करून ठेवल्या होत्या. डुबलबाईंनी पासवर्ड टाकला, मी भिंतीकडे बघितलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं तीन ते पाच अशी वेळ भरली. शेवटचं एक बटण राहिलं होतं, ते मी हात लांब करून, पान सरकवून पटकन दाबून टाकलं.

"ह्या दोन तासांत तुम्हाला काही झालं, तर कुणाला कळायचं नाही," मी बजावलं.

"तुम्ही असताच की," त्या म्हणाल्या.

ती जबाबदारी मी घेतली, आणि आनंदानं घेतली. त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन करून सांगितलं, की दुपारचे दोन तास माझे आहेत आणि त्याबद्दल मला कधी विचारायचं नाही. त्यानं कधी विचारलं नाही.

वाईट सवय माझीच. पाच वाजले तरी माझा पाय निघायचा नाही. कपात घोटभर चहा उरलेला असायचा, नाहीतर कोडं अर्धं राहिलेलं असायचं. दहा-पंधरा मिनिटं सहज जायची. कार्तिकात निरंजनचा परत फोन आला. आता हा काय बोलणार, म्हणून मी बाह्या सरसावूनच घेतला.

"सर, पाचनंतर तुम्ही थोडा वेळ थांबता, तेवढ्यात दिसता," तो म्हणाला. "रागावू नका. आईबद्दल नाही बोलत. तुमच्याबद्दल बोलतोय. तुमचा श्वास वाढत जातो, मग लहान होत जातो, आणि मध्येच दहा-बारा सेकंद थांबतो. असं वरचेवर होतं. ॲपनं पाहुण्यासाठी लाल खूण दिलीय. प्लीज, हृदय तपासून घ्या."

मी त्याला चार शब्द सुनावले. माझा श्वास मोजायला तुला कोणी सांगितलं होतं, वगैरे. फोन ठेवला आणि जिना चढताना पहिल्यांदा लक्षात आलं, की मध्ये दोनदा थांबलो. बऱ्याच महिन्यांपासून थांबत होतो.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि दुसऱ्याच दिवशी ऑपरेशनसाठी भरती व्हायला सांगितलं. हृदयाची एक झडप पार आखडली होती. आणखी महिनाभर काढला असता तर खुर्चीतच बसल्या बसल्या गेलो असतो, असं ते म्हणाले. कोणी सांगितलं विचारल्यावर, शेजारणीच्या वायफायनं, असं उत्तर मला द्यावं लागलं.

भरती व्हायला साताऱ्याला निघताना डुबलबाई माझी पिशवी घेऊन रिक्षापर्यंत आल्या. "कान काढून घ्यायचा म्हणत होते मी," त्या म्हणाल्या, "आणि त्या पोराच्या कानानं तुम्ही वाचताय. आता काय बोलायचं?"

"बोलू नका. आधी ती खासगी वेळ काढून टाका. मी नाहीये आता तीन ते पाच."

"काढते की. जीव लावून शिकवलंय तुम्ही, एवढं येतं मला."

दवाखान्यातून मी रोज अडीचला फोन करायचो. तोंडात जीभ जड, नाकात नळी, तरी पहिला प्रश्न तोच.

"वेळ काढली का?"

"काढली हो. रोज काढते. तुम्ही बोलू नका जास्त."

रोज काढते. हे मी नऊ दिवस ऐकलं. मास्तर म्हणून एकतीस वर्षं घालवलेल्या माणसाच्या हे लक्षात यायला हवं होतं. एकदा काढलेली वेळ रोज काय म्हणून काढावी लागते? पण मला तेव्हा नुसता त्यांचा आवाज ऐकायचा होता, शब्द नाही.

दहाव्या दिवशी अडीचला बोललो. फलटणची बारावी मैत्रीण सापडली, असं त्या सांगत होत्या. आवाजात हसू होतं. संध्याकाळी सात वाजता, सोबतीला राहिलेल्या माझ्या धाकट्या भावानं माझा फोन काढून घेतला आणि मग कॉटवर माझ्या पायाशी बसला, तेव्हाच मला कळलं.

डॉक्टरांचा अंदाज असा, की सव्वातीनच्या सुमारास त्या स्वयंपाकघरात कोसळल्या. मेंदूत रक्ताची गाठ. श्वास चालू होता, बराच वेळ चालू असावा. सोसायटी झोपलेली. बरोबर पाच वाजता 'सोबती' जागा झाला, त्यानं श्वास शोधला, मिळाला नाही, आणि त्यानं ॲम्ब्युलन्स बोलावली. ती एकोणीस मिनिटांत आली. तासाभरात हाती लागल्या असत्या तर कदाचित, असं डॉक्टर म्हणाले.

मला घरी सोडलं तोवर दिवस होऊन गेले होते. निरंजन अजून इथेच होता. मी जिना उतरून त्याच्या दारात उभा राहिलो. आता धाप लागत नव्हती, त्याचीही लाज वाटली.

त्यानं मला आत घेतलं, पाणी दिलं. डोळे सुजलेले, पण बोलणं शांत. "सर, तुम्ही दवाखान्यात होता हे मला माहीत होतं. तरी फोनवर रोज करडी पट्टी दिसायची. तीन ते पाच. म्हणजे तुमच्यासाठी नव्हतंच ते. माझ्यासाठी होतं. आईला मी नकोच होतो. मी दहा दिवस ती पट्टी बघत होतो, आणि रागानं एकदाही विचारलं नाही."

"त्या तर काढली म्हणत होत्या."

"मग खोटं बोलली. तुमच्याशीपण."

माझ्या मनातही तेच आलं होतं. साताऱ्याच्या कॉटवर पडून मी रात्र-रात्र तेच चघळत होतो. त्या खोटं का बोलल्या? मी परत येईन म्हणून ती वेळ राखून ठेवली होती का? खरं सांगतो, त्या विचारानं मला दुःखातही एक चोरटं सुख व्हायचं.

लॅपटॉप टेबलावर बंद पडून होता. निरंजनला त्यातले आईचे फोटो हवे होते, पण पासवर्ड माहीत नव्हता. मला अर्थातच नव्हता. तो उठला, भिंतीवरचं कॅलेंडर सहज उलटं केलं आणि तसाच उभा राहिला. मागच्या पानावर, गॅसवाल्याच्या नंबराखाली, डुबलबाईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'लॅपटॉप – कानकाढला१९८६. सोनटक्के सरांना दाखवू नये.'

आम्ही दोघंही हसलो, आणि मग निरंजन तोंडावर हात घेऊन रडला.

लॅपटॉप उघडला तर 'सोबती'चं पान तसंच होतं. त्या दिवशीचं. अक्षरं दीडपट मोठी, त्यामुळे पडद्यावर अर्धंच पान मावत होतं. खासगी वेळ ह्या शब्दांपुढे तीन ते पाच पुसलेलं होतं. तिथे डुबलबाईंनी निवडलं होतं: 'नको'.

"मग काढली होती की आईनं!" निरंजन म्हणाला. "आणि तरी?"

मी दोन बोटांनी पान वर सरकवलं. अगदी तळाशी, एरवी पडद्याबाहेर राहणाऱ्या जागी, एक हिरवं बटण होतं. 'जतन करा'. त्याच्याखाली बारीक नोंदी होत्या. मी एक एक वाचली. दहा दिवस, रोज पावणेतीनच्या सुमारास, माझा फोन ठेवल्या ठेवल्या: पान उघडलं, खासगी वेळ काढली, बदल जतन केला नाही. दुसऱ्या दिवशी पान उघडलं की तीन ते पाच परत जागच्या जागी दिसत असणार. त्यांना वाटलं असणार, हे घड्याळाच्या चावीसारखं असेल, रोज द्यावी लागते. मुलाला विचारायची सोय नव्हती, त्याला तर त्यांनीच गप्प केलं होतं. मला त्रास नको, म्हणून मला विचारलं नाही. तक्रार न करता रोज देत राहिल्या.

ते बटण त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. अक्षरं मोठी करून मीच ते पडद्याखाली ढकललं होतं. आणि शिकवणीत प्रत्येक वेळी शेवटी हात लांब करून मीच ते दाबायचो. आयटीआयमध्ये पोरांच्या हातातला पाना मी कधी काढून घेतला नाही. चुकू दे, पण स्वतः कर, म्हणायचो. इथे मात्र घेत होतो. कारण सांगायला आता लाज कसली? त्या बटणापाशी हात नेताना त्यांच्या खांद्याशी वाकावं लागायचं.

निरंजन माझ्या तोंडाकडे बघत होता. नोंदींवर त्याची नजर गेली नव्हती. पान मिटून टाकलं असतं तर यंत्र बिघडलं म्हणून भागलं असतं. यंत्रावर ढकललेलं कुणी तपासत नाही.

"निरंजन, इकडे बस," मी म्हणालो. "तुझ्या आईनं तुला बाहेर ठेवलं नव्हतं. दहाही दिवस ती तुझ्यासाठी दार उघडत होती. हे वाच. दार उघडलं नाही, कारण शेवटची कडी मी तिला कधी दाखवलीच नाही. ती माझी चूक. तिची नाही आणि तुझीही नाही."

त्यानं वाचलं. पहिल्यांदा भरभर, मग बोट ठेवून, तारखेमागून तारीख. त्यानं मला क्षमा केली नाही, घराबाहेरही काढलं नाही. बाहेर सोसायटीत चिटपाखरू नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार वाजत होते.

मग त्यानं हात पुढे केला आणि आईनं अर्धवट सोडलेला बदल जतन करून टाकला.

करडी पट्टी गेली. पान क्षणभर कोरं राहिलं आणि मग त्यावर दोन रेषा उमटल्या. वरची निरंजनची, ती हुंदक्यांनी तुटत होती. खालच्या रेषेपुढे लिहिलं होतं, 'नेहमीचा पाहुणा'. ती सरळ, संथ, एकही खंड न पडता चालली होती.